जिवावरचं शेपटीवर निभावलं... मग पुढे काय?



सोयाबीनची मळणी सुरू झाली की दवाखान्यात एक प्रसंग हमखास घडतो. एखादा तरुण येतो. सदऱ्याची बाही फाटलेली, दंडावर खरचटलेलं. म्हणतो, "डॉक्टरसाहेब, धनुर्वाताचं इंजेक्शन तेवढं द्या." काय झालं विचारलं की हसतो. "हडंब्यात बाही गेली. शेजारच्यानं पटकन ट्रॅक्टर बंद केला म्हणून. थोडक्यात वाचलो बघा."

जखम धुवायला आणि इंजेक्शन द्यायला पाच मिनिटं लागतात. मग मी विचारतो, "आणि मशीनचं काय केलं?" उत्तर ठरलेलं असतं. "चालूच हाय की. आभाळ आलंय, माल भिजंल."

आजचा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे. जिवावरचं शेपटीवर निभावलं की आपण देवाला नारळ फोडतो, घरच्यांना सांगत नाही आणि पुन्हा कामाला लागतो. कामाच्या सुरक्षिततेचं शास्त्र अशा प्रसंगाला 'निअर मिस' म्हणतं, म्हणजे थोडक्यात टळलेला अपघात. आजाराच्या भाषेत सांगायचं तर छातीत कळ येऊन गेली, पण झटका आला नाही, अशी ती अवस्था. कळ गेली म्हणून कोणी समजूतदार माणूस गप्प बसत नाही. मग यंत्राच्या, भिंतीच्या, फवारणीच्या बाबतीत आपण गप्प का बसतो?

हा धडा जगाने कसकसा घेतला, त्याचा थोडा इतिहास पाहू. सुरुवात लांबून करायची गरज नाही. आपल्या लातूर जिल्ह्यातच करू.

किल्लारी: एक वर्ष आधी

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्या भागात कोणाला सांगावी लागत नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून दमलेली माणसं घरात गाढ झोपली होती. पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली आणि काही सेकंदांत औसा तालुक्यातलं किल्लारी, तेरणेकाठचं सास्तूर आणि आसपासची कितीतरी गावं ढिगारा झाली. सरकारी आकड्यानुसार ७,९२८ माणसं गेली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावं इतकी उद्ध्वस्त झाली, की ती दुसऱ्या जागी नव्याने वसवावी लागली.

हे सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या एक वर्ष आधीची गोष्ट मात्र नव्या पिढीला फारशी माहीत नसते. १९९२ च्या ऑगस्टपासून किल्लारी परिसरात जमिनीतून आवाज येत होते आणि लहान लहान धक्के बसत होते. काही महिन्यांत असे शंभराहून जास्त धक्के लोकांना जाणवले. ऑक्टोबर १९९२ मध्ये त्यातला सर्वांत जोराचा धक्का बसला. त्याची तीव्रता ४ च्या आसपास होती आणि त्याने काही घरांना तडे गेले. माणसं घाबरली. कित्येकांनी घराबाहेर झोपायला सुरुवात केली, गाव हलवण्याची मागणी झाली. मग धक्के कमी होत होत थांबले. भीतीही ओसरली. माणसं पुन्हा घरात झोपू लागली.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, नाहीतर धडा चुकीचा घेतला जाईल. लहान धक्के बसले म्हणजे मोठा भूकंप येणारच, असं शास्त्र सांगत नाही. तेव्हाही सांगत नव्हतं, आजही सांगत नाही. भूकंपाच्या तेव्हाच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. म्हणून "तेव्हाच ओळखायला हवं होतं" असं आज म्हणणं सोपं असलं तरी न्यायाचं नाही.

मग त्या धक्क्यांनी काय सांगितलं? भूकंप कधी येईल, हे त्यांनी सांगितलं नाही. घर कसं आहे, हे मात्र दाखवलं.

आपल्याकडची जुनी घरं आठवा. दोन-तीन फूट जाडीच्या दगडी भिंती. जाड म्हणून मजबूत, असा आपला समज. पण ती भिंत एकसंध नसायची. बाहेरून एक दगडी थर, आतून एक आणि मध्ये माती व बारीक दगडांची भर. दोन्ही थरांना आरपार बांधून ठेवणारे लांब दगड क्वचितच घातलेले. सिमेंट नाही, चुना नाही, जोडायला माती. वर माळवद. गळू नये म्हणून त्यावर वर्षानुवर्षं पांढऱ्या मातीचे थर चढत गेलेले. म्हणजे डोक्यावर काही टन ओझं आणि ते पेलणाऱ्या भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटे. जमीन हलली की भिंतीचं पोट फुगतं, थर वेगळे होतात आणि माळवद खाली येतं. ज्या घरांत लाकडी खांब-तुळयांचा खणाचा सांगाडा भक्कम होता, त्यांतल्या काहींमध्ये भिंती पडल्या तरी छत खांबांवर उभं राहिलं.

ऑक्टोबर १९९२ मध्ये भिंतीला गेलेला तडा हीच गोष्ट सांगत होता. पण आपण सगळ्यांनी, गावाने, सरकारने, शास्त्रज्ञांनी एकच प्रश्न विचारला: "आता पुढे मोठा भूकंप येणार का?" या प्रश्नाला उत्तर नव्हतं. "या धक्क्याने माझ्या घरात काय हललं?" या प्रश्नाला उत्तर होतं, आणि त्यावर काही करता येण्यासारखंही होतं.

भूकंपानंतर नेमकं तेच केलं गेलं. जागतिक बँकेच्या मदतीने झालेल्या पुनर्वसनात नवी गावं बांधण्याबरोबरच, न पडलेली घरं मजबूत करण्याचंही मोठं काम झालं. भिंतीत आरपार दगड किंवा काँक्रीटचे सांधे घालणं, भिंतींना वरून पट्टा बांधणं, माळवदावरची जादा माती उतरवणं, असे हे उपाय होते. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेमार्फत गावातल्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमलं गेलं आणि त्या घरोघरी जाऊन हे समजावू लागल्या. कारण सोपं आहे. कोणत्या भिंतीतून पावसाळ्यात माती झरते, हे इंजिनियरच्या आधी त्या घरातल्या बाईला ठाऊक असतं.

नांदेडचे आवाज

किल्लारीनंतर चौदा वर्षांनी, नोव्हेंबर २००७ मध्ये, नांदेड शहरात जमिनीतून गूढ आवाज येऊ लागले आणि सौम्य धक्के बसू लागले. किल्लारी विसरलेली नव्हती. माणसं थंडीत रस्त्यावर आली. हे प्रकार पुढे बराच काळ अधूनमधून चालू राहिले. त्यांच्यामागून मोठा भूकंप आला नाही. २१ मार्च २०२४ ला आणि पुन्हा १० जुलैला सकाळी शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. ते नांदेडातही चांगलेच जाणवले.

किल्लारी आणि नांदेड शेजारी ठेवून पाहा. एका ठिकाणी लहान धक्क्यांनंतर अनर्थ झाला, दुसऱ्या ठिकाणी झाला नाही. म्हणून थोडक्यात टळलेल्या संकटाला भविष्यवाणी समजू नका. तसं समजलात तर दोनच गोष्टी होतात. आधी घाबरगुंडी उडते आणि काही झालं नाही की "उगाच घाबरलो" म्हणून पूर्ण विसर पडतो. टळलेलं संकट ही फुकटात झालेली तपासणी असते. कच्चं काय आहे, हे तिने दाखवलं. पुढचं संकट येवो न येवो, कच्चं ते पक्कं करायचं.

दोन विमानं, एकच डोंगर

हीच गोष्ट जगाला सर्वांत स्पष्टपणे शिकवली ती विमान वाहतुकीने, आणि तीही मोठी किंमत मोजून.

१ डिसेंबर १९७४ रोजी अमेरिकेत टीडब्ल्यूए कंपनीचं ५१४ क्रमांकाचं विमान वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळाकडे उतरत होतं. "उतरायला परवानगी आहे" या नियंत्रकाच्या शब्दांचा अर्थ वैमानिकांनी एक घेतला, नियंत्रकाच्या मनात दुसरा होता. विमान गरजेपेक्षा लवकर खाली आलं आणि व्हर्जिनियातल्या एका डोंगरावर आदळलं. सर्वच्या सर्व ९२ जण गेले.

चौकशीत जे बाहेर आलं ते जास्त चटका लावणारं होतं. सुमारे सहाच आठवड्यांपूर्वी युनायटेड एअरलाइन्सच्या एका विमानाने त्याच ठिकाणी, त्याच गैरसमजातून तीच चूक केली होती आणि ते डोंगरावर आदळता आदळता वाचलं होतं. त्या वैमानिकांनी ती गोष्ट लपवली नाही. कंपनीला कळवली आणि कंपनीने आपल्या बाकीच्या वैमानिकांना सावध केलं. पण फक्त आपल्या. शेजारच्या कंपनीपर्यंत ती गोष्ट पोहोचलीच नाही.

यातून १९७६ मध्ये एक नवी पद्धत सुरू झाली. वैमानिक, नियंत्रक, कर्मचारी, कोणीही आपली चूक किंवा थोडक्यात टळलेला प्रसंग लिहून कळवायचा. तो पोलिसांकडे जात नाही, साहेबाकडे जात नाही, शिक्षा करणाऱ्या खात्याकडेही जात नाही. तो जातो नासा या त्रयस्थ संस्थेकडे. तिथे नाव काढून टाकलं जातं आणि धडा सगळ्यांना कळवला जातो. मुद्दाम केलेली चूक किंवा गुन्हा नसेल आणि दहा दिवसांच्या आत कळवलं असेल, तर दंडातून सूटही मिळते.

ही सूट कशासाठी, हे लक्षात घ्या. कोणाची दया येऊन दिलेली ती सवलत नाही. खरं सांगणाऱ्याला शिक्षा झाली, की दुसऱ्या दिवसापासून कोणीच खरं सांगत नाही. आपल्या घरातही तेच होतं. "गॅस चालू राहिला होता" असं सुनेने सांगितलं आणि तिच्यावर सगळे तुटून पडले, तर पुढच्या वेळी ती गुपचूप गॅस बंद करील आणि नळी गळतेय हे कोणालाच कळणार नाही.

कारखाने आणि कायदा

विमानांच्या आधी हा विचार कारखान्यांत मांडला गेला होता. १९३१ मध्ये हर्बर्ट हाइनरिच या अमेरिकेतल्या विमा कंपनीतल्या माणसाने अपघातांचे दावे तपासून एक पुस्तक लिहिलं. एका गंभीर अपघातामागे २९ किरकोळ दुखापती आणि कोणालाच न लागलेल्या ३०० घटना असतात, असं त्याने मांडलं. हे आकडे आज कोणी अभ्यासक जसेच्या तसे मानत नाही. प्रत्येक कामात प्रमाण वेगळं असतं. शिवाय त्याने दोषाचं बरंचसं ओझं कामगाराच्या चुकीवर टाकलं होतं, तेही पुढे टीकेला पात्र ठरलं. पण मूळ मुद्दा टिकला: मोठा अपघात बहुधा पहिल्यांदाच येत नाही, आधी दार वाजवून जातो.

भोपाळमध्येही दार वाजलं होतं. डिसेंबर १९८१ मध्ये तिथल्या युनियन कार्बाइडच्या कारखान्यात फॉस्जीन वायूने एका कामगाराचा जीव गेला. त्यानंतरही गळतीच्या घटना झाल्या. पत्रकार राजकुमार केसवानी यांनी १९८२ मध्ये शहराला सावध करणारे लेख लिहिले. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री काय झालं, ते जगाला माहीत आहे.

आपल्या कायद्याने मात्र ही गोष्ट बरीच आधी ओळखली होती. कारखाने अधिनियम १९४८ चा. त्यात १९७६ च्या दुरुस्तीने ८८-अ हे कलम आलं. ठरावीक धोकादायक घटना घडली, तर कोणाला इजा झाली असो वा नसो, ती कळवलीच पाहिजे, असं ते सांगत होतं. २०२० च्या नव्या संहितेतही तशी तरतूद आहे. मळणीयंत्रासाठी तर १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांचा स्वतंत्र कायदा झाला, कारण शेतात हात गमावणाऱ्यांची संख्या तेवढी होती. पण कायदा कारखान्याच्या फाटकापर्यंत पोहोचतो. बांधावर, वीटभट्टीवर, चार माणसांच्या डाळमिलमध्ये तो क्वचितच येतो. तिथे आपणच आपले निरीक्षक.

डॉक्टरही शिकले

आम्ही डॉक्टर यात मागे होतो, हे कबूल करायला हवं. पूर्वी बाळंतपणात बाई दगावली, तरच चौकशी व्हायची. रक्तस्राव होऊन मरणाच्या दारातून परत आली, तर पेढे वाटले जायचे आणि कागद बंद व्हायचा. जागतिक आरोग्य संघटनेने अशा बायांची पाहणी कशी करायची याचे निकष २००९ च्या सुमारास ठरवले. भारत सरकारने डिसेंबर २०१४ मध्ये त्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या.

याचा फायदा काय? वाचलेली बाई स्वतः बोलू शकते. घरून निघायला उशीर का झाला, गाडी कधी मिळाली, दवाखान्यात रक्त मिळायला किती वेळ लागला, हे ती आणि तिची सासू सांगू शकतात. शिवाय काय बरोबर झालं म्हणून ती वाचली, हेही कळतं. ते पुढच्या बाईसाठी जपून ठेवता येतं.

आता तुमच्याबद्दल

हा सगळा इतिहास सांगितला तो एका सवयीसाठी. सर्वांत आधी फवारणीचं बोलू, कारण तिथे टळलेला अपघात शरीरात साठून राहतो.

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. नांदेडचा कापूसपट्टा त्याला लागूनच आहे. फवारताना भोवळ आली, डोळ्यांपुढे धूसर झालं, तोंडाला पाणी सुटलं, दरदरून घाम आला, पोटात कळा आल्या, तर "ऊन लागलं असेल" म्हणून सोडू नका. ऑरगॅनोफॉस्फेट गटातली औषधं शरीरातलं कोलिनेस्टरेज नावाचं एक विकर निकामी करतात. आपल्या नसा आणि स्नायू यांचं काम नीट चालायला ते लागतं. रात्री झोपून बरं वाटलं तरी ते विकर भरून यायला काही आठवडे लागू शकतात. म्हणून कालची 'थोडीशी भोवळ' झालेला माणूस दोन दिवसांनी पुन्हा पंप पाठीवर घेतो, तेव्हा तेवढ्याच औषधाने तो कोसळू शकतो.

असं झालं तर ताबडतोब शेताबाहेर या. कपडे काढा, साबण-पाण्याने अंग धुवा आणि औषधाची बाटली किंवा तिच्यावरचा कागद घेऊन दवाखान्यात या. डॉक्टरांनी सांगेपर्यंत पुन्हा फवारणी नको.

बाकी कामाच्या जागी, मग ते शेत असो, डाळमिल असो, बांधकाम असो, थोडक्यात निभावलं की एवढं करा:

१. काम थांबवा. पाच मिनिटं पुरतात. यंत्र पूर्ण बंद करूनच जवळ जा.

२. "कोणाची चूक?" हे नंतर. आधी विचारा, "बाही आत गेलीच कशी?" घास टाकायचा पत्रा आखूड आहे का, पट्ट्यावरची जाळी काढून ठेवली आहे का, अंधारात काम चाललं होतं का?

३. त्याच दिवशी एक तरी वस्तू दुरुस्त करा. "सांभाळून काम करा" ही दुरुस्ती नव्हे. जाळी बसवणं ही दुरुस्ती आहे. दमलेल्या माणसाचं लक्ष संध्याकाळी सुटणारच. जाळी दमत नाही.

४. दुसऱ्यांना सांगा. युनायटेडच्या वैमानिकांची गोष्ट शेजारी पोहोचली असती, तर ९२ माणसं कदाचित घरी गेली असती. तुमचा हडंबा उद्या शेजाऱ्याच्या रानात जाणार आहे.

५. मालक असाल, मुकादम असाल, तर सांगणाऱ्याला रागावू नका. त्याची हजेरी कापू नका. त्याने तुमचा एक अपघात वाचवला आहे.

आणि जुन्या दगडी घरात राहत असाल, तर पुढच्या वेळी जमीन हलली की बाहेर तर याच, पण दुसऱ्या दिवशी दिवसाउजेडी भिंतीभोवती एक फेरी मारा. कुठे तडा गेला, कुठे पोट फुगलं, माळवदावर माती किती साचली, हे बघा आणि जाणकाराला दाखवा.

तो फाटक्या बाहीचा तरुण पुढच्या हंगामात येईल, तेव्हा मी पुन्हा तोच प्रश्न विचारणार आहे. "चालूच हाय की" याऐवजी "जाळी बसवली" हे उत्तर आलं, तर मला इंजेक्शन देण्यापेक्षा जास्त समाधान मिळेल.

काळजी घ्या. तुमच्या कामाच्या जागी असा प्रसंग घडला असेल, तर आज रात्री जेवताना तो घरच्यांना सांगा.